पाहुण्याची रेघ

४ फेब्रुवारी

ताई,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. तू म्हणाली असतीस, नाटकं करतेय. म्हणून नुसतंच ताई.

फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस. भावोजींना विचारलं तर म्हणाले, “कागदावर लिही. कागद ती फेकत नाही, ड्रॉवरमध्ये ठेवते.” वाचतेस का, ते त्यांनाही माहीत नाही. संसार करताय की लपंडाव खेळताय दोघं?

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. एक तुझ्या कामाची, दुसरी आपल्या दोघींची.

कामाची आधी. तुझा प्रयोग पुन्हा होतोय. एकाच विद्यापीठात, एकाच खोलीत, त्याच खुर्चीवर दोन सख्ख्या बहिणींनी केलेल्या प्रयोगाचे निकाल दोन कसे, असं बाहेरून कुणीतरी विचारलं आणि आपल्या विभागप्रमुखांची झोप उडाली. दोघींनी मिळून करा म्हणाले. तू ‘नाही’ एवढंच कळवलंस म्हणे. मग एकटी मीच उरले.

भावोजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्यासाठी सांगते, कारण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायको नक्की काय करायची ते कळलेलं नाही, असं तुम्हीच त्या दिवशी म्हणालात. एक माणूस खुर्चीत बसतो. त्याच्या दोन बोटांना तारा. बोटांना येणारा घाम पेटी मोजते आणि रेघ काढते. माणूस दचकला, सुखावला, काहीही झालं की रेघ वर जाते. पाठीमागे कॅमेरा. लांबच्या खोलीत, मधे दोन दारं आणि एक बोळ, आम्ही पडद्यासमोर बसतो. संगणक मनाला येईल तेव्हा ‘बघा’ म्हणतो, मनाला येईल तेव्हा ‘नजर हटवा’ म्हणतो. आपण त्या माणसाकडे बघत असताना त्याची रेघ हलते का, एवढाच प्रश्न. तुमच्या बायकोने बघितलं की हलायची. मी बघितलं की ढिम्म. तिने छापलं की माणसाला नजर कळते. मी छापलं की नाही कळत. पुढचं तुम्हाला माहीत आहे, ती नोकरी आणि गाव सोडून निघाली तेव्हा सामान तुम्हीच बांधलंत.

आणि ताई, हे पत्र माफीचं नाही. माझे आकडे बरोबर होते.

आता आई. हिवाळ्याच्या तोंडाशी तू तिला बघून गेलीस, मी कामावर असताना, ठरवून. त्यानंतर फरक नाही. डोळे उघडे असतात, भरवलं की गिळते, बोलत नाही. झटक्याने उजवी बाजू गेली ती गेलीच. डावा हात हलू शकतो म्हणतात, पण ती हलवत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज येतात, तोंडासमोर आरसा धरतात आणि जातात. मी संध्याकाळी दवाखान्यात जाते, बसते, येते. तुला कळवायचं म्हणून कळवलं.

धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

हस हवं तर. मी तुझी नक्कल करतेय.

झालं काय, पहिल्या फेरीत सगळ्या रेघा पुन्हा सपाट. विभागप्रमुख म्हणाले, “तुमच्या ताईंच्या वेळी काही वेगळं होतं का, ते तरी तपासा.” म्हणून तुझ्या जुन्या चित्रफिती काढून बसले. नियमावलीत एकच ओळ आहे: ‘आलेल्या व्यक्तीचे स्वागत करावे.’ मी त्या ओळीचा अर्थ ‘या, बसा’ असा घेते. तू? बाई गं! तू आधी त्याला चहा देतेस. त्याच्या आईची तब्येत विचारतेस. तारा लावायच्या आधी त्याची बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरून गरम करतेस. खुर्चीच्या मागच्या उशीला थोपटतेस. आणि दर वेळी तेच वाक्य: “निवांत बसा, जग काही कुठे पळून जात नाही.” मग उठून जाताना दारात थांबतेस, वळून एकदा बघतेस. प्रत्येकाकडे. प्रत्येक वेळी.

मला वाटायचं तू वेळ घालवतेस. तू त्यांना पाहुणा म्हणायचीस, स्वतःला यजमान म्हणायचीस, आणि मी दातओठ खायचे की ही प्रयोगशाळा आहे की लग्नघर.

तर मी चहा दिला. पहिला पाहुणा आपल्याच हिशेब विभागातला कारकून. मी त्याची बोटं तळव्यात धरली तर त्याने हात मागे घेतला आणि दाराकडे बघत म्हणाला, “मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?” जग कुठे पळून जात नाही म्हटलं तर म्हणाला, “जग नाही हो, माझी पाचची बस जाईल.”

रेघ सपाट. त्याचीही, त्याच्यानंतरच्या सगळ्यांचीही. म्हणजे चहाने होत नाही, थोपटण्याने होत नाही. मग तू काय करत होतीस? शेंडी लावत होतीस असं मी कधी म्हटलेलं नाही, ते बाकीच्यांनी म्हटलं. मी फक्त म्हटलं की तू असताना होतं आणि मी असताना होत नाही, तर ते नजरेचं नव्हे, तुझं काहीतरी आहे. या वाक्यावर तू कप खाली ठेवलास आणि उठून गेलीस. त्यात इतकं लागण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

हे जरा नीट वाच.

आईच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. तरुण आहेत, चांगले आहेत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात. म्हणाले, इतके महिने झाले, कशालाच प्रतिसाद नाही. मागच्या इमारतीत जागा होतेय, तिकडे हलवू. मागची इमारत म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तिकडे स्वच्छता असते, वेळेवर खाणं असतं, पण बोलायला शिकवणाऱ्या बाई नसतात. व्यायाम नसतो. तिकडून पुढे कुणी परत येत नाही, कारण तिकडे कुणी तशी वाटच बघत नाही. दोन्ही मुलींची सही लागते.

मी विचारलं, “आत ती आहे की नाही?” ते म्हणाले, “मला दिसत नाही.” हेच वाक्य मी आयुष्यभर बोलत आलेय.

म्हणून घरी जाऊन माळ्यावरून तुझी जुनी पेटी काढली. आपल्या विभागातली नवी यंत्रं बाहेर नेता येत नाहीत. तुझी पेटी म्हणजे हट्टी बाई, तुझ्यासारखीच. दोन्ही जोड्या दोन माणसांच्या बोटांना लागल्याशिवाय सुरूच होत नाही. तुला यजमानाचीही रेघ हवी असायची ना. एक जोडी आईच्या डाव्या बोटांना लावली, एक माझ्या. तिच्या उशाशी, तिला दिसणार नाही अशी खुर्ची टाकून बसले. फोनचा कॅमेरा तिच्या तोंडावर लावला आणि पडद्यावर बघत राहिले. बघितलं, नजर हटवली, बघितलं. दोन दिवस केलं. दोन्ही रेघा सपाट. तिचीही आणि माझीही.

ताई, प्रयोगशाळेत सपाट रेघ आली की मला बरं वाटतं, खरं सांगते. इथे नाही वाटलं.

रविवारी शेवटचं करून बघते. मग सही करेन. तुझी सही कशी आणायची ते भावोजींना विचारेन.

धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

मला आधी सांगायला काय झालं होतं?

तू दर रविवारी दुपारी आईला बघतेस! सिस्टरच्या फोनवरून! इतके महिने! आणि मला कुणी चकार शब्दाने सांगत नाही. सिस्टर म्हणतात, “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” म्हणे त्या आवाज बंद करून फोन खिडकीत उभा करून ठेवतात, कारण बाकीचे पेशंट झोपलेले असतात, आणि तू नुसती बघत बसतेस. बोलायचं नाही, काही नाही.

आता माझं ऐक. काल रविवारी मी दुपारीच गेले, आईला तारा लावल्या, मला लावल्या, खुर्चीत बसले आणि चक्क झोपले. आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता, काय करणार. औषधांची गाडी खडखडली तेव्हा जाग आली. वैतागून पेटी बंद केली. घरी येऊन सहज रेघा उघडल्या. पहिली सपाट. झोपलेल्या माणसाची असते तशी, म्हणजे माझी. दुसरी बराच वेळ सपाट, मग हळूहळू चढली, वर राहिली, खाली आली. टेकडीसारखी. आई जागी होती. डोळे उघडे.

सिस्टरना फोन केला, त्या वेळी आईपाशी कोण होतं? म्हणाल्या, कुणीच नाही, मी गाडीबरोबर पलीकडच्या खोलीत होते, फक्त तुमच्या ताई होत्या. कुठल्या ताई? मग सगळं बाहेर आलं. सिस्टरच्या फोनमधली वेळ आणि पेटीतली वेळ जुळवून बघितली. तू आलीस तेव्हा टेकडी चढली. तू गेलीस तेव्हा उतरली.

आवाज नाही. फोन खिडकीत, आईची मान भिंतीकडे. तिला पडदा दिसतच नव्हता.

डोकं भंजाळून गेलंय माझं. एका टेकडीने डोंबलाचा पुरावा होतो! हेच दुसऱ्या कुणी आणून दाखवलं असतं तर मी दारातून परत पाठवलं असतं. पण आज सकाळी मी तीच टेकडी घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, सही करणार नाही. ते महिनाअखेरपर्यंत थांबू म्हणाले. मार्चअखेरपर्यंत, फेब्रुवारी नव्हे, तेवढं मी भांडून घेतलं.

आता तू एक कर. पुढच्या रविवारी फोन चालू ठेव, पण मधेच बघ, मधेच तोंड फिरव. कधी बघायचं ते नाणं उडवून ठरव आणि मला सांगू नकोस. मी न बघता रेघ वाचेन, मग जुळवू. तुझीच पद्धत आहे. एवढं माझ्यासाठी, नाही, आईसाठी कर.

धाकटी


१२ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकीट जाड होतं म्हणून घाईघाईने फोडलं तर आत एकच ओळ: ‘आई तुझी प्रयोगशाळा नाही.’ बाकी कोरा कागद घडी घालून. जाड पाकिटाची चेष्टा लहानपणापासूनची तुझी, तरी मी फसले.

बरं. पेटी आईच्या पलंगाखाली सरकवली. त्यानंतर काढलेली नाही.

पण एक झालंय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. आत ती आहे असं एकदा कळल्यावर तिच्यासमोर नुसतं बसता येईना मला. इतके महिने मी काय करायचे? भिंतीशी बसावं तशी बसायचे. आता जाते, तिची बोटं तळव्यांत धरून गरम करते. विभागातल्या चहाड्या सांगते. कारकुनाची गोष्ट सांगितली, बसची. उशी थोपटते. निघताना दारात थांबून वळून बघते. हो, हो, तुझीच नक्कल. पण आईने हात मागे घेतला नाही.

परवा तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. आठवतं, हे केलं की ती काय करायची? “पुरे गं, बाहुली आहे का मी?” म्हणून हात झटकायची. ताई, तिने हात झटकला. डावा. वर आला, माझ्या मनगटाला लागला, खाली गेला. मी पुन्हा केस सारले. पुन्हा झटकला. मी रडायला लागले आणि मग हसायला लागले.

धावत डॉक्टरांना आणलं. ते समोर उभे राहिले. मी केस सारले. काही नाही. पुन्हा सारले. काही नाही. केस विस्कटून ते पुन्हा सारले. हात जणू माझ्यावर रुसलेला. ते गेले. मी सारले, झटकला!

काल पुन्हा तेच. ते खुर्ची घेऊन तासभर बसले बिचारे. काही नाही. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, “मला एकदा वाटलं हलल्यासारखं, पण शपथेवर नाही सांगता येणार.” मग डॉक्टर मला म्हणाले, अगदी सौम्यपणे म्हणाले, “तुम्ही असताना होतं आणि मी असताना होत नाही. तर ते त्यांचं नव्हे, तुमचं काहीतरी असेल.”

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला.

म्हणाले, ती रेघ तरी पुन्हा एकदा काढून दाखवा. शुक्रवारी रात्रपाळी नाही त्यांना, दुपारी येतील. पेटी बाहेर काढावी लागणार. रागावू नकोस.

धाकटी


१५ मार्च

ताई,

कसं सांगू ते कळत नाहीये म्हणून झालं तसं सांगते.

काल डॉक्टर आले, सिस्टरही होत्या. मी आईला तारा लावल्या, मला लावल्या, पेटी सुरू केली. दोन्ही रेघा आमच्या तिघांसमोर पडद्यावर. आणि मला शिंक आली. दुसरी रेघ टुणकन उडाली, आईची. मला काय आनंद झाला! म्हटलं, बघा, ती दचकली, तिला ऐकू येतं! डॉक्टरही पुढे वाकले. मग मला आणखी एक शिंक आली आणि माझ्या बोटावरची तार निसटली.

दुसरी रेघ मेली.

मी तार परत लावली. जिवंत झाली. काढली. मेली. दोनतीनदा केलं. सिस्टर म्हणाल्या, “अहो, काय करताय?”

माझ्या यंत्रात आधी प्रयोग करणाऱ्याची रेघ येते, मग समोरच्याची. मी आधी स्वतःला तारा लावून बघते, सगळे तसंच करतात. तुझ्याकडे उलटं. तुझ्याकडे पाहुणा आधी. घरातही तू तशीच, आधी आल्यागेल्याचं ताट, मग आपलं. वीस वर्षं तुझ्या शेजारी काम केलं आणि पेटीतसुद्धा तू पाहुण्याला आधी बसवलं असशील हे माझ्या लक्षात आलं नाही.

ती टेकडी आईची नव्हती. माझी होती.

मी झोपले होते. गाढ. तू बघायला लागलीस आणि रेघ चढली, माझी. तू गेलीस आणि उतरली. गाढ झोपेत घामाची रेघ उगीच उसळते कधीकधी, हे पुस्तकात आहे, मी स्वतः शिकवते ते. तेच असणार. दहा जणांनी विचारलं तर दहा जणांना मी तेच सांगेन. मग मला झोप का लागत नाहीये?

सिस्टरना नंतर बाजूला घेऊन विचारलं, त्या रविवारी ताई काही म्हणाली होती का? म्हणाल्या, “फोन बंद करायला आले तेव्हा दोन शब्द बोलल्या. म्हणाल्या, आज आईकडे फारसं बघितलंच नाही. धाकटी खुर्चीत झोपलीये, मान अवघडेल तिची. पण उठवू नका.”

मान अवघडली होती, ताई. दोन दिवस.

डॉक्टरांना तिथल्या तिथे खरं सांगितलं. म्हटलं, त्या टेकडीचा आईशी काही संबंध नाही, पुसून टाका. त्यांनी मान हलवली. पण आता बघ माझी काय गत झालीये. ती टेकडी खोटी. खोट्या टेकडीवर विश्वास ठेवून मी आईशी बोलायला लागले. बोलायला लागले म्हणून तिने हात झटकला. मग हात झटकणं खरं की खोटं? खरं म्हणावं तर माझ्याशिवाय कुणी बघितलेलं नाही, आणि मला ते हवंच होतं. खोटं म्हणावं तर मनगटाला लागलेला हात मला अजून जाणवतोय. कुणी मला हे सगळं लिहून पाठवलं असतं तर मी वर लाल शाईने लिहिलं असतं, ‘निरीक्षक विश्वासार्ह नाही.’ आणि ते बरोबर असतं. आणि तिने हात झटकलाय.

तुला तेव्हा असंच वाटायचं का? असं असेल तर तू इतकी वर्षं कशी काय शांत राहिलीस गं?

प्रयोगाचा अहवाल टेबलावर आहे. निकाल शून्य. मी जिंकले. पाठवायला हात होत नाहीये. आईच्या कागदावरही सही केलेली नाही. डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरीला आईची इथली जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, त्याआधी तुमच्याशिवाय आणखी एका माणसाने तो हात हललेला बघायला हवा. एकानेही बघितला तरी आई पुढच्याच इमारतीत राहील, आरशावाल्या बाई येत राहतील. नाहीतर मागे.

सिस्टर शपथ घेणार नाहीत. डॉक्टरांसमोर ती हलवत नाही. मी मोजली जात नाही. उरलीस तू. फोनमधून नाही, खिडकीतून नाही. इथे, पलंगापाशी.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी सांगते म्हणून ‘हो, हलला’ म्हणू नकोस, मला चालणार नाही. तू स्वतः केस सार. तू असताना हलला नाही, तर नाही म्हण. आपण दोघी सही करू आणि दोघी मिळून तिला मागे घेऊन जाऊ, आणि मी तुझ्याशी भांडणार नाही. हलला तर मात्र त्या डॉक्टरांशी दोघींनी भांडायचं. मला एकटीला जमत नाहीये आता.

भावोजी, तिला गाडीत बसवून द्या. ड्रॉवरमध्ये ठेवायचं पत्र नव्हे हे.

आणि ताई, मी पलंगाच्या डाव्या बाजूला खुर्चीत असेन, दाराकडे पाठ करून. कदाचित झोपलेली असेन. दारात उभी राहून नुसती बघत बसू नकोस.

हाक मार.

धाकटी